मनिरामची पालथी मडकी

मनिराम कुंभार आणि मी एकाच तरटपट्टीवर बसून शिकलो. मी सातवीपर्यंत टिकलो, तो पाचवीतच उठून बापाच्या चाकावर जाऊन बसला. पण शाळेत त्याचं नाव मागं राहिलं ते एका गोलामुळं. गुरुजींनी पाटीवर वर्तुळ काढायला सांगितलं. आमची सगळ्यांची बटाट्यासारखी. मनिरामचं असं, की गुरुजींनी त्याची झडतीच घेतली. त्यांना वाटलं, आईची बांगडी चोरून आणली. मग फळ्यावर काढ म्हणाले. यानं खडू घेतला, मनगट एकदा फिरवलं आणि परातीएवढा गोल काढून दाखवला. गुरुजी म्हणाले, "त्रिज्या किती?" हा म्हणाला, "ते मले मालूम नाही जी. गोल मालूम आहे."

बासष्ट वर्षं जगला, पण त्याची गोष्ट एवढ्यातच येते. त्याला गोल मालूम होता.

आमचं गाव गोंदियाजवळ, बिरसीच्या अलीकडे. तेव्हा सगळी घरं मातीची आणि वर कवेलू. आताच्या नातवंडांना कवेलू कसं करतात विचारलं तर साच्यात दाबतात म्हणतील. नाही. मनिराम चाकावर मातीची हातभर नळी काढायचा, वर बारीक, खाली फुगीर. ओली असतानाच सुतानं तिला दोन बाजूंनी चीर द्यायचा, पण पुरती नाही. उन्हात सुकली की बोटानं एक टिचकी मारायची. टक्क. एका नळीची दोन कवेलू. लहान असताना ती टिचकी मारायला मिळावी म्हणून मी त्याच्या अंगणात झाडलोट करायचो. घरी आई म्हणायची, आमच्या लक्ष्मीचंदाला शेतकरी पोवाराच्या घरी कोणी जन्माला घातलं.

कवेलूखाली बांबूचा तट्टा, त्यावर चिखलाचा जाड थर, आणि त्याखाली माणसं. मे महिन्यात बाहेर धान्य भाजून निघावं असं ऊन, पण आत माणूस पांघरूण शोधायचा. पंखा नव्हता, बिल नव्हतं, आणि कोणी त्याला काही मोठं नावही दिलेलं नव्हतं.

कवेलूचा धंदा माकडांनी बुडवला असं मनिराम म्हणायचा. त्यात फार खोटं नव्हतं. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुमारास जंगलातून टोळ्याच्या टोळ्या गावात उतरू लागल्या. एका दुपारी वीस माकडं माझ्या घरावरून धावली आणि रात्री पावसानं आम्हाला भांडी मांडायला लावली. दरवर्षी कवेलू फेरायला, म्हणजे उतरवून पुन्हा मांडायला, माणसं मिळेनात. मग लोकांनी टिनं टाकली, ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब. मनिरामच्या आव्याला, म्हणजे त्याच्या भट्टीला, वर्षात एकदा आग लागू लागली. तीही पोळ्याच्या बैलांसाठी आणि लग्नातल्या मडक्यांसाठी.

"हनुमानाचीच मर्जी नाही तर मी काय करू," म्हणायचा आणि हसायचा.

त्याची बायको चमेली लवकर गेली, पोरगी रविता नऊ वर्षांची असताना. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. पोरगी चाकाशेजारी बसून अभ्यास करायची, तिच्या वह्यांना मातीची बोटं लागलेली असायची. दोन हजार चारमध्ये तिचं लग्न कुडव्याच्या भुवनेश्वरशी लावलं. पोरगा राईस मिलमध्ये मशीनवर होता, निर्व्यसनी, बोलायला थोडा. घर पक्कं. दोन खोल्या, मधे रांधायची जागा, सगळ्यावर स्लॅब. लग्न जमवायला मीही होतो. त्या स्लॅबकडे पाहून आम्ही दोघं खूश झालो होतो, हे लिहिताना हात अडतो. माकडांचं काही चालणार नाही, म्हणालो होतो आम्ही.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. पोरगी ज्या घरी दिली त्या घरचं पाणी बाप पीत नाही. दिलेल्या दानाचं परत काय घ्यायचं, असा त्यामागचा भाव. आता बरेच जण मानत नाहीत, पण आमच्या वयाचे मानायचे. मनिराम तर फारच. आणि गावची पोरगी ती आपली पोरगी, म्हणून मीही. कुडव्याला जायचं म्हणजे आम्ही दोघं माझ्या लुनावर बसायचो आणि मनिरामच्या मांडीवर घरच्या पाण्याची कॅन.

रविताची सासू शामकलाबाई तोंडानं फटकळ. पहिल्याच भेटीत म्हणाली, "इवाईजी, आमच्या टाकीत काय मेंढक पडले काय?"

मनिराम म्हणाला, "पडले असते त बरं झालं असतं, इहीनबाई. मेंढकाचं पानी म्हनून पेलो असतो."

"मंग पोरीनं च्या केला तो कोनं प्यावा?"

"तुमी प्या. दोनदा प्या. एक माह्या नावाचा."

शेजारी देवकाबाई राहायची. देवरीकडच्या जंगलातली, गोंडाची. नवरा मिलमध्ये हमाल. तिनं यावर तोड काढली. कॅन संपली की ती आपल्या घरून आपल्या तांब्यात पाणी आणून द्यायची. ते चालायचं; बाकी गल्ली सगळी भुवनेश्वरच्या भाऊबंदांची, तिथलं पाणीही आम्ही पीत नसू. कधी वेळ चुकली तर मी कुंपणावरून हाक मारायचो, "देवका, दोन म्हाताऱ्याले पाज वो माय," आणि सगळे हसायचे. रविता हसत नसे. पण आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

दोन हजार सातच्या एप्रिलात रविताला मुलगा झाला. बाळंतपण तिथंच झालं, कारण माहेरी आई नव्हती आणि मोठा दवाखाना गोंदियात, कुडव्यापासून जवळ. त्या वर्षी वीज सकाळी जायची ती दुपार टळल्यावर यायची. कूलर नुसताच खिडकीत उभा. रविताची खोली पश्चिमेची. दिवसभर स्लॅब तापायचा आणि संध्याकाळपासून ते ऊन खाली सोडायचा. भिंतीला हात लावला तर भाजल्यासारखा. पोर अठरा दिवसांचं झालं आणि सुकत गेलं. दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्या अंगात पाणी उरलं नव्हतं. डॉक्टरनं विचारलं, कुठं ठेवलं होतं बाळाला? रवितानं सांगितलं, पाळण्यात. यापलीकडे तिला काय सांगता येणार होतं?

पोर गेलं. मनिराम महिनाभर चाकावर बसला नाही. अंगणात बसून राहायचा. त्याच्या शेडवर टिन होतं आणि विकली न गेलेली मडकी त्यानं त्या टिनावर पालथी मांडून ठेवली होती, सांदीत विटांचे तुकडे घालून, वाऱ्यानं घरंगळू नयेत म्हणून. अर्ध्या टिनावर मडकी, अर्धं उघडं. एका दुपारी मी गेलो तर हा शेडमध्ये बकरीशी झगडत होता. बकरीला ओढून उघड्या टिनाखाली आणायचा, सोडायचा. ती उठून परत मडक्यांच्या खालच्या बाजूला जाऊन बसायची. पुन्हा ओढायचा. पुन्हा ती तिथंच.

मी म्हटलं, "काय करून राहिला गा? भर उन्हात बकरी ताणून राहिला?"

"पाह्य," तो म्हणाला. "तिले कोनं सांगतलं? तिले गार लागून राहिलं तिथं." मग दोन्हीकडे टिनाला खालून हात लावून पाहिला. माझाही हात धरून लावला. फरक होता. एकीकडे हात टेकवत नव्हता, एकीकडे आरामात टेकत होता.

"मडक्यात हवा कोंडली आहे, लक्ष्मी. ऊन मडक्याले लागते. खाली उतरतच नाही. हा तर आपला चिखलाचाच थर झाला, पन स्लॅबवर चालते असा."

महिन्यानं त्याचं हे पहिलं लांब बोलणं.

पहिला प्रयोग माझ्या डोक्यावर झाला. माझ्या मुलानं, संजूनं, तेव्हा नुकताच स्लॅब टाकला होता आणि आम्ही सगळे भाजून निघत होतो. मनिरामनं स्लॅबवर लहान मडकी पालथी मांडली, एकाला एक लागून. सांदीत विटांची रोडी, वर चुना आणि विटेची भुकटी, लाकडी थापीनं ठोकून ठोकून बसवलेली, आणि सगळ्यावर पांढऱ्या चुन्याचे तीन हात. चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. गावातली पोरं म्हणाली, लक्ष्मीचंदबाबाच्या घरावर मडक्याचं पीक आलं. बिरसीला विमान शिकायला येणारी मुलं आमच्या डोक्यावरून गिरक्या घेत. मनिराम वर पाहून म्हणायचा, "त्यायले आता रस्ता चुकनार नाही. पांढरं घर दिसलं का उतरा."

पुढच्या उन्हाळ्यात आमचा कूलर माळ्यावर गेला. विजेचं बिल घेऊन येणारा माणूस मीटर बंद पडलं का म्हणून वाकून पाहायला लागला. दहा गावांचे लोक आले, हात लावून गेले. मनिराम खुलला होता. पण त्याचा जीव कुडव्यात अडकलेला. रविता म्हणाली होती, "त्या खोलीत मी आता लेकरू झोपवनार नाही, बाबा. देव देत असन तरी नाही."

आणि दोन हजार नऊचा पावसाळा सरता सरता देवानं दिलं. दिवस मेच्या अखेरीला भरणार होते. मनिराम कळलं त्याच दिवशी कुडव्याला गेला आणि पोरीला म्हणाला, "तुही खोली मी गार करून देतो. त्या लेकराच्या आधी."

अडली शामकलाबाई. "घरावर पालथं मडकं? लोकं काय म्हनतीन? मडकं कवा पालथं करते, मालूम आहे न इवाईजी?" घरात मयत झालं की मडकं पालथं करतात, तिचंही खोटं नव्हतं. एक पोर त्याच घरातून गेलेलं. भुवनेश्वर आईपुढे बोलेना. मनिरामनं वाद घातला नाही. मला म्हणाला, "तिले तुह्या घरी जेवाले बलाव."

बोलावली. होळी झालेली, ऊन कडक. जेवण झालं, शामकलाबाई माझ्या बैठकीत भिंतीला टेकून बसली, स्लॅबकडे संशयानं पाहत. सूनबाई पान घेऊन आली तोवर तिचं डोकं खांद्यावर. चार वाजता उठली. उठल्यावर पदर सारखा करत म्हणाली, "मी झोपली नव्हती."

मनिराम म्हणाला, "नाही न. घोरून राहिल्या होत्या फक्त."

"कर म्हना तुमचं काय कराचं ते," ती म्हणाली. "पन वरून मडकं दिसाले नाही पायजे. आन पुजा कराले लागते."

पूजा कबूल झाली. सहाशेच्या वर मडकी लागणार होती. मनिरामनं चाक सोडलं नाही. मार्चमध्ये आवा रचला, भुवनेश्वरनं मिलचा भुसा ट्रॅक्टरनं पाठवला, आग दिली, आणि तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस गारांसह आव्यावर पडला. निम्म्याहून जास्त मडकी तडकली. तो तिथं उकिडवा बसून एकेक उचलून वाजवत होता. ठण्ण वाजलं की उजवीकडे, भद्द वाजलं की डावीकडे. डावीकडचा ढीग वाढत गेला. मी म्हटलं, जाऊ दे, पावसाळ्यानंतर करू. तो म्हणाला, "लेकरू पावसाळ्यानंतर येनार आहे काय?"

पुन्हा माती, पुन्हा चाक, पुन्हा आवा. असं करत काम मे महिन्यात गेलं. कुडव्याच्या स्लॅबवर पहिलं मडकं पालथं पडलं तेव्हा मेचा दुसरा आठवडा उजाडला होता. शामकलाबाईनं हळद-कुंकू लावलं आणि पुटपुटली, "उभं राह्य बाबा पालथं राहून."

रोज पहाटे लुनावर जायचं, अकराला थांबायचं, चारला परत सुरू, असा आमचा बेत. पण चुना थांबू देत नाही. उन्हात आणि लूच्या गरम वाऱ्यात तो लवकर सुकला की भेगा पडतात, आणि भेग पडली की पहिल्या पावसात मडक्यात पाणी. त्यावर मनिरामनं मिलचा जुना बारदाना अंथरला आणि त्यावर टाकीचं पाणी शिंपत राहायचं. पाणी तासातासाला मारावं लागे. म्हणून दुपारीही तो वर. मी खाली सावलीत चुना कालवायचो आणि त्याला हाका मारायचो. "उतर गा बुढ्या." "उतरतो." उतरायचा, कॅनमधलं पाणी प्यायचा, पुन्हा वर.

पाचव्या दिवशी देवकाबाई आपल्या माहेरी गेली. तेंदूपानाचा हंगाम, देवरीकडे सगळं घर पानं तोडायला जातं, तीही दरवर्षी जायची. जाताना म्हणाली, "बाबाजी, आता पान्याचं काय करसाल?"

"मोठी कॅन आनतो," मनिराम म्हणाला.

सातव्या दिवशी माझ्या पुतण्याचं लग्न होतं, तिरोड्याकडे, बोदलकशाच्या बाजूला. मी म्हटलं, एक दिवस काम बंद ठेव. पश्चिमेचा एक कोपरा आणि रविताच्या खोलीवरचा शेवटचा हात एवढंच राहिलं होतं. तो म्हणाला, "तू जाय. चार खांडोळ्या माह्या नावाच्या खाजो." संजूनं त्याला सकाळी कुडव्याला सोडलं. मी बसनं लग्नाला गेलो, आणि खरं सांगायचं तर मजेत गेलो.

पुढचं मला रवितानं आणि शामकलाबाईनं सांगितलं, निरनिराळ्या वेळी, तुकड्या-तुकड्यांनी.

सकाळी आठला वीज गेली. टाकी भरलेली नव्हती. दहापर्यंत शिंपायचं पाणी संपलं. त्या गल्लीत हातपंप नाही, घरोघर मोटर आणि मोटरला वीज. मनिरामनं रविताच्या खोलीवरचा शेवटचा चुना नुकताच ओढलेला. लू सुटलेली. चुना कडेनं उलायला लागला. घरात पाणी होतं ते पिण्याच्या घागरीचं. रविता खालून म्हणाली, "बाबा, घागर देऊ काय वरतं?" तो म्हणाला, "दोन जिवाच्या बाईचं प्याचं पानी चुन्याले घालतेत काय? ठेव." आणि त्यानं आपली कॅन उचलली. सकाळपासून त्यातलं दोन घोट प्यायला होता. बाकी सगळी कॅन त्यानं हळूहळू, हातानं शिंपत, बारदान्यावर रिकामी केली.

बाराच्या सुमारास तो शिडीनं खाली आला. ओसरीत बसला. घाम येत नव्हता, असं शामकलाबाई सांगते. तेव्हाच तिला समजायला पाहिजे होतं, असंही सांगते. रवितानं तांब्या पुढं केला.

"प्या बाबा."

"प्यालो मी."

"कॅन वरतं आडवी पडली आहे. अंगनातून दिसली मले."

"चार वाजता संजू येते न. मंग पेतो."

शामकलाबाई म्हणाली, "इवाईजी, कोन पाहून राहिला जी? मी मान फिरवतो. प्या."

तो हसला. "इहीनबाई, तुमी मान फिरवसाल. मी कुठं फिरवू?"

मग रविता त्याच्यासमोर खाली बसली. नऊ महिन्यांची, बसता येत नव्हतं तरी बसली. म्हणाली, "आजच्या दिवस मी तुमची पोरगी नाही, असं म्हना. देवकाबाई आहे म्हना. आन प्या."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात चुन्यानं पांढरा होता, तिच्या केसांना लागला. म्हणाला, "असं बोलत नाही, रविता." तांब्या तसाच राहिला. बारदाना सुकला असेल, एकदा पलटी मारून येतो, म्हणून तो परत शिडी चढला.

रविताच्या मनात आलं, घरचं नाही ना पीत, तर दुकानचं पिईल. चौकात पाण्याचे पाउच मिळतात. सासू नको म्हणाली. तिनं ऐकलं नाही. डोक्यावर ओढणी घेतली आणि भर एकच्या उन्हात, पोट सांभाळत, चौकापर्यंत गेली. पहिलं दुकान बंद. दुसऱ्यात होते. दहा पाउच घेतले. वीज नाही म्हणून फ्रीज बंद, पाउच कोमट.

परत आली तर शिडीपाशी उभं राहून बाबा दिसेनात. अंगणाच्या टोकाला जाऊन मान वर केली. तो बारदान्यावर कुशीवर पडलेला. तिला वाटलं, ओल्यावर गार लागतं म्हणून पडले.

शिडी तिला चढता येत नव्हती. खालूनच म्हणाली, "बाबा, पाउच आनले." मग, "दुकानातले आहेत. माह्या घरचे नाहीत, बाबा." मग तेच पुन्हा. गल्लीतल्या बायका सांगतात, ती किती वेळ तेच एक म्हणत होती. माह्या घरचे नाहीत, बाबा. शामकलाबाई अनवाणी रस्त्यावर धावली तेव्हा लोक आले.

मला लग्नात फोन आला. बोदलकशाहून गोंदियाला पोचेपर्यंत दिवस बुडाला. माझ्या सदऱ्यावर हळदीचे हात तसेच. सरकारी दवाखान्याच्या बाकावर भुवनेश्वर बसला होता. मला पाहून उभा राहिला आणि नुसती मान हलवली. आत डॉक्टर विचारत होते, बाई-माणसं घरात असताना या माणसाला कोणी पाणी का दिलं नाही? शामकलाबाई एवढी बोलणारी, पण पदर तोंडात धरून उभी.  शाळा शिकलेल्या माणसाला ती रीत सांगून पाहा. सांगता सांगताच तोंडात माती होते.

मनिराम गेल्याच्या नवव्या दिवशी रविताला मुलगी झाली. दवाखान्यातून दोन दिवसांनी घरी आणली. रोहिणीचं ऊन, वीज तशीच जात होती. मनिराम गेला म्हणून भेटायला येणारे आणि बाळ पाहायला येणारे एकाच दारातून यायचे. रडायचं की बाळंतिणीला चांगलं बोलायचं हे कोणाला कळत नव्हतं. बसायचे त्याच खोलीत. आणि थोडा वेळ झाला की हमखास कोणीतरी म्हणायचं, "खोली गार आहे वो." मग वर पाहायचं. मग जीभ चावायचं. रविता भिंतीकडे तोंड करून पडलेली. लेकरू पाळण्यात पाय पसरून झोपलेलं, अंगावर एक पुरळ नाही. मनिरामनं जे दाखवायचं म्हटलं होतं ते असं दिसत होतं, आणि ते पाहायला तो नव्हता.

शामकलाबाईचं बोलणं तुटलं. आल्या-गेल्याला आधी पाणी देते आणि तो पिईपर्यंत समोरून हलत नाही.

तेरावं झालं. पश्चिमेचा कोपरा तसाच उघडा राहिला होता, पंधरा-वीस मडकी नुसती मांडलेली, वर चुना नाही. मिरगाचा पाऊस चार दिवसांवर आलेला. त्यात पाणी शिरलं असतं तर सगळं खालचं सुटलं असतं. मी कोणाला विचारलं नाही. चुन्याची कळी घेऊन गेलो, कालवला आणि शिडी चढलो. माझा हात काही मनिरामचा नाही. त्यानं ओढलेलं जिथं संपतं तिथून माझं सुरू होतं, हे आंधळ्यालाही बोटानं कळेल.

तासाभरानं शिडी वाजली. रविता. बाळंतीण, ओली, आणि शिडी चढून आलेली. एका हातात तांब्या. मी म्हटलं, "काऊन चढली वो? पडली असती त?"

तिनं काही न बोलता तांब्या पुढं केला. मी घेतला. एका दमात प्यायलो, शेवटचा थेंबही. मला वाटलं, मी काहीतरी केलं. वाटलं, पोरीला थोडं बरं वाटेल.

ती मला पिताना पाहत होती. म्हणाली, "आता पेले मोठेबाबा."

मी तांब्या तिच्या हातात परत दिला.

"सहा वर्षं माह्या घरी येऊन राहिले तुमी. दोघं. कॅन घेऊन. कुंपनावरून देवकाबाईले हाका मारत होते, हसत होते. तुमी एक खेप माह्या घरचं पेले असते न, त बाबानं बी पेलं असतं. तुमचं पाहूनच कराचे ते. शाळेपासून."

आवाज वर गेला नाही तिचा. रागही नव्हता त्यात. एखादं मडकं वाजवून बाजूला ठेवावं तसं तिनं ते ठेवलं. खाली लेकरू रडलं. ती तांब्या घेऊन वळली आणि एकेक पायरी चाचपत उतरून गेली.

   पोरीचं म्हणणं खोटं ठरावं म्हणून मी नंतर किती दुपारी आठवून पाहिल्या. लुना, कॅन, कुंपण. प्रत्येक दुपारी मी आधी नाही म्हटलं होतं आणि मनिराम माझ्या मागून.

कालवलेला चुना घमेल्यात होता आणि कडेनं घट्ट व्हायला लागला होता. तो तसाच टाकून उतरता येत नव्हतं. मी थापी उचलली आणि उरलेल्या मडक्यांवर ओढत गेलो, कोपऱ्यापर्यंत.